सर्वांना मनाई

गुरुवारची दुपार. श्रवणकक्षातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या, पंखा आपल्या तालात कुरकुरतोय, आणि हिरवं बटण दाबलं तरी स्पीकरमधून एक शब्द बाहेर पडत नाही.

"नीट दाबलं का?" पुंजाकाकांनी विचारलं.

"दाबलं," अब्बासभाई म्हणाले.

"मंग अजून एकदा दाबा. आमची एसटी बी पहिल्या झटक्याला कधी सुरू व्हायची नाय. दोन-तीनदा चावी फिरवली की मंग खोकायची."

अब्बासभाईंनी पुन्हा दाबलं. स्पीकर खोकलासुद्धा नाही.

सातपूरच्या कामगार वसाहतीतलं हे वाचनालय तसं लहान. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि पुस्तकांची कपाटं, मागच्या खोलीत श्रवणकक्ष. ज्यांची नजर गेली, किंवा ज्यांचं अक्षरांशी कधी जुळलंच नाही, अशी माणसं इथे येऊन पुस्तकं ऐकतात. ग्रंथपाल उज्वला आणि तिच्या मैत्रिणी सवडीनं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. ते सगळं एका कॉम्प्युटरवर साठवलेलं असतं, तो वर्षभरापासून निवृत्त अब्बासभाई सांभाळतात, आणि एक प्रोग्राम ते ऐकवतो. हा प्रोग्राम कुणी उघडावा लागत नाही. कॉम्प्युटर जागा झाला की तो जागा होतो आणि पडद्याआड आपलं काम करत बसतो. अब्बासभाईंची सून नाझिया अशा प्रोग्रामला 'सर्व्हिस' म्हणायची. "फ्रिजसारखं समजा, अब्बू," तिनं सांगितलं होतं. "तुम्ही रोज उठून फ्रिज चालू करता का? लाइट आली की तो आपला सुरू."

आज लाइट होती, पण फ्रिज बंद होता.

नाझियानं शिकवल्याप्रमाणे अब्बासभाईंनी सर्व्हिसांची यादी उघडली, त्यात 'श्रवण' शोधलं आणि 'स्टार्ट'वर टिचकी मारली. हिरवी पट्टी जरा पुढे सरकली, अडखळली, आणि एक चौकट वर आली. इंग्रजीतल्या त्या ओळीचा अर्थ एवढाच होता : प्रवेश नाकारला. एरर पाच.

ती ओळ वाचून अब्बासभाई धास्तावले हे खरं. पण त्या धास्तीच्या मागोमाग, कुणाला सांगता येणार नाही असं थोडं हायसंही वाटलं.

त्याचं कारण सांगायला हवं.

अब्बासभाईंची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूल स्टोअरमध्ये गेली. जाळीची खिडकी, खिडकीच्या आत हत्यारांची मांडणी, आणि मांडणीपुढे स्टुलावर अब्बासभाई पुस्तक वाचत बसलेले. कामगार खिडकीशी येणार, आपल्या नंबराचं पितळी टोकन ठेवणार, पाना किंवा बारीक मापाचा मायक्रोमीटर घेऊन जाणार. हत्यार परत आलं की टोकन परत. बोलण्याची फारशी गरज पडत नसे, आणि अब्बासभाईंना ते फार बरं वाटे. चार माणसांपुढे तोंड उघडायचं म्हटलं की त्यांच्या जिभेला आधीपासूनच कोरड पडायची.

फक्त यशोदाबाईंशी ते बोलत. यशोदाबाई महापालिकेच्या शाळेत गाणं शिकवायच्या. काचबिंदूनं नजर नेली, पण स्वभावातली मास्तरीण शाबूत राहिली. गुरुवारचं ऐकणं संपलं की अब्बासभाई त्यांना रिक्षापर्यंत सोडायला जात आणि त्या वाटेत टूल स्टोअरमधल्या गमतीजमती सांगत. एकदा रिक्षात बसता बसता बाई म्हणाल्या, "अब्बासभाई, हे लिहा की हो."

"मला कुठलं लिहिता येतं, बाई?"

"येत नाही हे लिहून पाहिल्यावर कळतं. आधीच कसं कळलं तुम्हाला?"

मग दर गुरुवारी तोच प्रश्न. आणि महिन्याभरापूर्वी बाईंनी सांगून टाकलं की त्या इगतपुरीला लेकीकडे राहायला चालल्या आहेत, कायमच्या. जावई रेल्वेत आहे, क्वार्टर मोठं आहे. "जायच्या आत ऐकवा," त्या म्हणाल्या. उद्या शुक्रवारी सकाळी लेक गाडी घेऊन येणार होती. म्हणजे आजचा गुरुवार शेवटचा.

अब्बासभाईंनी गोष्ट लिहिली. चारदा फाडली, पाचव्यांदा ठेवली. घरी माळ्यावरच्या खोलीत बसून मोबाइलवर रेकॉर्ड केली, आणि काल संध्याकाळी कॉम्प्युटरवर आजच्या गुरुवारच्या जागी चढवून ठेवली. कुणाची गोष्ट, कुणी लिहिली, काही सांगायचं नाही. उज्वलालाही नाही. बाई ओळखतील तेवढं पुरे.

चढवल्यावर मात्र त्यांच्या मनात किडा वळवळू लागला. सकाळी लवकर येऊन कुणी ऐकली तर? ऐकून हसलं तर? त्यांनी फोल्डरच्या परवानग्यांचं पान उघडलं. तिथे त्यांना आपलं टूल स्टोअरच दिसलं. शिफ्ट संपली की शटर सगळ्यांना बंद, मग ज्याचं टोकन त्याला खिडकी उघडी. त्याच शिस्तीनं त्यांनी आधी 'सर्वांना' या नावापुढे मनाईच्या खुणा केल्या, आणि तेही एकट्या गोष्टीला नाही. फट नको म्हणून 'श्रवण'च्या अख्ख्या फोल्डरला. मग खाली स्वतःचं नाव लिहून स्वतःला परवानगी दिली, आणि सर्व्हिसच्या नावालाही दिली. दोन टोकनं खिडकीत ठेवली. कॉम्प्युटर बंद करून घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

त्यामुळे आता एरर पाच पाहून त्यांच्या डोक्यात ते कुलूप आलंच नाही. कुलूप होतं, पण टोकनं दिली होती. ते कसं आडवं येईल?

"नाझियाला फोन लावा ना, भाई," उज्वला दारातून म्हणाली.

नाझिया घरूनच एका कंपनीचं कॉम्प्युटर-दुरुस्तीचं काम करायची. एरवी ती इथला पडदा घरूनच पाहू शकली असती, पण गल्लीत गॅसची पाइपलाइन टाकताना इंटरनेटची वायर तुटली होती. फोनवरच भागवायला हवं होतं. घरी सासरा-सून हिंदीत बोलत. इथे फोन स्पीकरवर आणि सगळी खोली कान देऊन बसलेली, म्हणून मराठीत.

"बोला, अब्बू. नंबर किती आलाय?"

"पाच."

"पाच म्हणजे नकार. सर्व्हिस जागेवर आहे, पण तिला दारातूनच परत पाठवतायत. पासवर्ड चुकला असता तर नंबर वेगळा आला असता. तरी बघून घेऊ. सर्व्हिसवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, मग लॉग-ऑन. कुणाचं नाव आहे?"

अब्बासभाईंनी नाव वाचून दाखवलं.

"बरोबर आहे. आता अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवा. कधी कधी तोच वॉचमन जास्त हुशारी करतो."

थांबवला. स्टार्ट केलं. हिरवी पट्टी तिथेच अडखळली.

"पाच," अब्बासभाई म्हणाले.

"पाचच्या पुढं जातच नाय गडी," पुंजाकाका म्हणाले. "पोरी, आमच्या हरसूलच्या घाटात बी एक गाडी अशीच अडायची. मंग सगळे उतरून ढकलायचो. ढकलू का आम्ही?"

"ढकला, काका," फोनमधून नाझिया हसली. "पण आधी अब्बूंना विचारू द्या. अब्बू, काल काही बदललं होतं का तुम्ही?"

अब्बासभाई वर पंख्याकडे बघत म्हणाले, "तसं खास काही नाही."

"माझे सगळे कस्टमर हेच म्हणतात. खास नाही म्हणजे काय काय खास नाही?"

"पंखा पुसला."

खोलीत हशा पिकला. अब्बासभाईंचे कान तापले. पंखा पुसला हे खोटं नव्हतंच, फडकं अजून खिडकीत वाळत होतं. पण आपण काहीतरी गिळलं हे त्यांचं त्यांना कळलं.

यशोदाबाई हसल्या नव्हत्या. त्या मांडीवरच्या घडीच्या छत्रीचं बटण उघडत होत्या, लावत होत्या. "अब्बासभाई," त्यांनी विचारलं, "आज नाहीच झालं तर?"

"तर... पुढच्या गुरुवारी लावू, बाई."

"पुढच्या गुरुवारी मी नसेन," बाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. वर्गात पोरांना उद्या सुट्टी आहे असं सांगावं, तसं.

आणि इथेच ते हायसं वाटणं पुन्हा वर आलं. यंत्रानंच नकार दिला तर त्याला अब्बासभाई काय करणार? गोष्ट लिहिली, वेळेवर आणून ठेवली, शब्द पाळला. नशिबात नव्हतं. बाईंना रिक्षापर्यंत सोडू, खुदा हाफिज म्हणू. कुणी हसणार नाही, कुणी 'बरी आहे' असंही म्हणणार नाही. गोष्ट फोल्डरमध्ये सुखरूप राहील.

"भाई, त्या सर्व्हिसचं नंतर पाहा," उज्वला म्हणाली. "आजची फाइल नुसती उघडून लावता येत नाही का?"

"हो, तेही बरोबर," नाझिया म्हणाली. "फोल्डर उघडा, अब्बू."

अब्बासभाई 'श्रवण'चं फोल्डर उघडायला गेले तर दुसरी चौकट वर आली. या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही.

तुम्हाला म्हणजे कुणाला? अब्बासभाईंनी चष्मा सारखा केला. स्वतःचं नाव तर काल स्वतः लिहिलं होतं. टोकन ठेवलेलं होतं. आणि तरी खिडकी बंद.

स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना सगळं लख्ख दिसलं. आपल्या टूल स्टोअरमध्ये शटर आधी, टोकन नंतर, आणि टोकन दिसलं की शटरचं काही चालायचं नाही. या यंत्राची रीत उलटी असावी. हा आधी मनाई वाचतो. मनाईच्या रांगेत 'सर्वांना' लिहिलं आहे, आणि सर्वांमध्ये सर्व्हिस आली, उज्वला आली, पुंजाकाका आले, अब्बास आला.

आता बोलायचं किंवा गप्प बसायचं, एवढंच उरलं होतं. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्यांनी फोनचा स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "बेटा, ताला मैंनेच लगाया है."

"क्या?"

त्यांनी सांगितलं. पलीकडे नाझियाला हसू आवरेना.

"एक फाइल के लिए पूरी अलमारी बंद कर दी, अब्बू?"

"काय कुजबुज चाललीय?" पुंजाकाका ओरडले. "आमाला बी सांगा की. का सरकारी गुपित हाय?"

अब्बासभाई वळले. खुर्च्यांवरच्या सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे होते. बऱ्याच जणांना ते दिसत नव्हते, पण त्यानं काही फरक पडत नव्हता. जीभ नेहमीसारखी कोरडी पडली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "काल मीच कुलूप लावलं. सगळ्यांनाच बंद झालं त्यानं."

"कशाला पण?" उज्वलानं विचारलं. "आत काय ठेवलंय एवढं?"

"गोष्ट आहे एक."

"कुणाची?"

यशोदाबाईंच्या छत्रीचं बटण थांबलं.

"माझी," अब्बासभाई म्हणाले. "मी लिहिलेली."

 पुंजाकाका म्हणाले, "आयला! हा माणूस वर्षभर आमाला पाणी बी विचारताना लाजतो, आन आतून गोष्टी लिहितो व्हय?"

अब्बासभाईंनी स्पीकर पुन्हा लावला. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"ऐका, अब्बू," नाझिया म्हणाली. "परवानगी शंभर वेळा दिली तरी मनाई तिच्यावर बसते. म्हणून 'सर्वांना मनाई' कधी करायची नसते. ज्याला द्यायचं नाही, त्याचं नाव नुसतं लिहायचं नाही. झालं."

"पण आता मलाच आत जाता येत नाही. मग कुलूप काढणार कोण?"

"तुम्हीच. फोल्डर तुमच्या नावावर आहे ना? मालकाला आत जायला मनाई असली, तरी कुलूप बदलायचा हक्क त्याच्याकडे राहतो. फोल्डरवर उजवी टिचकी मारा, तेच पान उघडा."

पान उघडलं. सगळ्यात वर 'सर्वांना', त्यापुढे मनाईच्या खुणा ओळीनं उभ्या. काल त्या खुणा करताना हात जराही अडला नव्हता. आता एकदा अडला.

"बाई," ते यशोदाबाईंकडे न बघता म्हणाले, "फार अपेक्षा ठेवू नका हं."

"काढा आधी ते," बाई म्हणाल्या.

त्यांनी ती ओळ काढली. ठीक आहे का, असं यंत्रानं विचारलं. ठीक आहे म्हटलं. मग सर्व्हिसांच्या यादीत जाऊन 'श्रवण', स्टार्ट. हिरवी पट्टी त्या नेहमीच्या जागेपाशी आली, आणि न अडखळता टोकाला गेली. नावापुढे शब्द उमटला : चालू.

"पाच?" पुंजाकाकांनी विचारलं.

"काही नाही," अब्बासभाई म्हणाले. "सुरू झालं."

त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि लगेच उठले. "मी चहाचं बघून येतो."

"बसा," यशोदाबाई म्हणाल्या, आणि पन्नास पोरांचा वर्ग ज्या आवाजानं बसायचा त्याच आवाजानं अब्बासभाई खाली बसले.

स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. आधी जरा दबका, मग सरळ. गोष्ट चिमाजी नावाच्या फिटरची होती. चिमाजी रोज सकाळी खिडकीशी यायचा, टोकन ठेवायचा आणि एकच जुना मायक्रोमीटर मागायचा. नवे आले तरी तोच. कुणी दुसऱ्यानं तो आधी नेला तर खिडकीशी उभा राहून वाट बघायचा. रिटायर झाला त्या दिवशी चिमाजीनं मायक्रोमीटर पुसून परत दिला, पण निरोपाच्या गडबडीत टोकन न्यायचं राहिलं. स्टोअरवाल्यानं ते खिळ्यावर तसंच ठेवलं. नवे साहेब आले, विचारायचे, हे कुणाचं, कुठलं हत्यार बाहेर आहे? स्टोअरवाला सांगायचा, येईल घ्यायला. साहेब बदलत गेले, टोकन खिळ्यावर राहिलं.

गोष्ट ऐन भरात आली असताना, चिमाजी निरोपाचा नारळ काखेत धरून खिडकीकडे शेवटचं वळून बघत होता नेमक्या त्याच क्षणी, स्पीकरमधून कुकरची शिट्टी झाली. लांबलचक.

"कंपनीत कुकर लावलाय का?" पुंजाकाका.

"तो माझा आहे," टेबलावरच्या फोनमधून नाझिया म्हणाली. फोन बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. "तूरडाळ होती. म्हणजे अब्बू, त्या दिवशी माळ्यावर तुम्ही हे करत होता? मी म्हटलं दार लावून कुराण पढताहेत!"

सगळे हसले. अब्बासभाईही हसले. काल संध्याकाळी जे हसू येईल म्हणून त्यांनी अख्खं कपाट बंद केलं होतं, ते हेच. आणि ते आलं तर काही झालं नाही, पंखा फिरत राहिला.

गोष्ट संपली. 

"आला का मंग चिमाजी टोकन घ्यायला?" पुंजाकाकांनी विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"नाही अजून."

"आन टोकन?"

अब्बासभाईंनी खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या. कडीत अडकवलेला पितळेचा गोल त्यांनी पुंजाकाकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, मग शेजारच्याकडे दिला. टोकन एका हातातून दुसऱ्या हातात खोलीभर फिरून आलं.

यशोदाबाईंनी ते सगळ्यात जास्त वेळ धरलं. "सुरुवात लांबली," त्या म्हणाल्या. "आणि शेवट घाईत वाचलात. बस सुटतेय की काय असं."

"हो, बाई."

"बाकी ठीक आहे."

यशोदाबाईंच्या तोंडून 'ठीक आहे' ऐकायला शाळेतल्या पोरी वर्षभर तंबोऱ्याशी बसायच्या, हे अब्बासभाईंना ठाऊक होतं. त्यांनी टोकन परत घेऊन हळूच खिशात ठेवलं. 

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या. "कुकरसकट."

पुन्हा लागली. या खेपेला उज्वलाही पुढची खोली तशीच सोडून आत येऊन बसली, आणि शिट्टीच्या जागी पुंजाकाकांनी आधीच "आली बघा" म्हणून सगळ्यांना सावध केलं.

उठायची वेळ झाली तेव्हा बाईंनी गोष्ट इगतपुरीला न्यायची म्हटलं. उज्वलानं ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढला, अब्बासभाईंनी त्यावर फाइल उतरवून दिली. फोल्डर पहिल्याच टिचकीला उघडलं.

"पण थांबा," बाई म्हणाल्या. "तुमच्या स्टोअरमधून टोकनाशिवाय काही बाहेर जात नाही ना? माझ्याकडे टोकन नाही." त्यांनी हातातली घडीची छत्री पुढे केली. "ही ठेवून घ्या. ही न्यायला आले की तेव्हाची नवी ऐकीन."

"इगतपुरीला चाललात, आन छत्री इथं ठेवून?" पुंजाकाकांना राहवेना. "बाई, तिकडं पाऊस खालून बी येतो!"

"लेकीकडे आहेत छत्र्या. ही माझी आहे, म्हणून ठेवतेय."

अब्बासभाईंनी बाईंना रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत बाईच बोलत होत्या. नव्या गोष्टीत स्टोअरवाल्यालाही जरा बोलू द्या म्हणत होत्या, नुसता ऐकत बसतो मेला. अब्बासभाई हो हो म्हणत होते. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते उभे राहिले.

परत येऊन त्यांनी खुर्च्या लावल्या, पंखा बंद केला. कॉम्प्युटर बंद करण्याआधी सवयीनं परवानग्यांचं पान उघडून पाहिलं. वरची 'सर्वांना'ची ओळ आता नव्हती. काही न बदलता त्यांनी पान मिटलं.

मग छत्री घेऊन ते टेबलामागच्या भिंतीशी गेले. कॅलेंडरचा खिळा होता. कॅलेंडर त्यांनी खिडकीकडे हलवलं आणि खिळ्यावर छत्री अडकवली, मूठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याच्या हाताला चटकन सापडेल अशी.